कॉलेजच्या फाटकापर्यंत

बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेतली पोरं मुख्याध्यापकांकडे जात नसत, वर्गशिक्षकांकडेही जात नसत. ती प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहत. तिथं नळाखाली सत्यशीलाबाई परीक्षानळ्या धूत बसलेल्या असत.

मी टेंभुर्णीच्या त्या शाळेत अकरा वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. सत्यशीलाबाई आमच्या प्रयोगशाळा परिचर. वय पंचेचाळीसच्या पुढं, अंगानं बारीक, बोलणं हळू. शिक्षण दहावी. त्यांचे यजमान साहेबराव याच शाळेत शिपाई होते. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि आठ दिवसांत माणूस गेला. त्यांच्या जागी बाई अनुकंपा तत्त्वावर लागल्या. तेव्हा त्यांची एकुलती मुलगी संध्या पाचवीत होती.

ही संध्या बारावीला ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली. वस्तीवर एवढे मार्क आधी कुणाला पडले नव्हते. बाईंनी पेढे वाटले आणि निवांत बसल्या. त्यांना वाटलं, शाळेचं जसं असतं तसंच कॉलेजचंही असणार. ऑगस्टात भरेल, लेकरू जाईल, नाव लागेल. पाचवीचं तसंच झालं होतं, अकरावीचंही तसंच. अर्ज आधी भरायचा असतो, याद्या लागतात, त्याला शेवटची तारीख असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि शाळेतल्या आम्हा शिकलेल्या माणसांपैकी कुणी त्यांना ते सांगितलंही नाही. रोज चहा मात्र आम्ही त्यांच्याच हातचा पीत होतो. ऑगस्टमध्ये त्या मुलीला घेऊन जालन्याला गेल्या, तेव्हा खिडकीतल्या माणसानं सांगितलं की प्रवेश महिन्यापूर्वीच संपले.

"मंग आता?"

"आता पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी संध्याचं लग्न झालं. ती तीर्थपुरीला दिली आहे, दोन मुलं आहेत. सुखात आहे असं बाई म्हणतात, आणि ते खरंही असावं. पण त्या ऑगस्टपासून बाईंना तारखांचं वेडच लागलं. स्टाफरूममधला पेपर सगळ्यांचा वाचून झाला की तो प्रयोगशाळेत जायचा. प्रवेशाची काही बातमी, जाहिरात असली की बाई ती जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानावर उतरवून घ्यायच्या. कुठल्या कोर्सला कुठला दाखला लागतो, तो कुठं मिळतो, त्याला किती दिवस लागतात, हे त्या विचारून विचारून शिकल्या. कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता. अर्ज भरायला पोरांना घेऊन त्या गावातल्या सेतू केंद्रावर बसायच्या. ते चालवणारा राधेश्याम म्हणायचा, "मावशी आली म्हंजी माझा अर्धा दिस गेला." पण खुर्ची तोच पुढं करायचा.

मराठ्यांची पोरं, माळ्यांची, धनगरांची, बाईंच्या स्वतःच्या बौद्ध वस्तीतली, सगळी 'मावशी' म्हणत यायची. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेज पाहिलं नाही अशीच बहुतेक. बाईंचा एक नेम होता. नुसता अर्ज भरून देऊन त्या थांबत नसत. लेकरू आणि त्याच्या आई-बापापैकी एकजण यांना बरोबर घेऊन त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत जायच्या. त्यांच्या किरकोळ रजा सगळ्या जून-जुलैतच संपायच्या. नऊ-दहा वर्षांत अशी साठेक पोरं त्यांनी जालना, संभाजीनगर, परभणी इथं पोहोचवली. त्यांचं पुढं काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर बाईंनीही विचारलं नाही. नाव लागलं, की झालं.

मीना त्यांच्याकडे आली ती २०२३ साली.

आमच्या भागात बियाण्याच्या कंपन्यांसाठी शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, मिरची, टोमॅटो, काकडीचं बी तयार करतात. बायका सकाळी चिमट्यानं कळीतले पुंकेसर काढतात, मग त्या फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. मीनाचे वडील मच्छिंद्रभाऊ यांचं स्वतःचं एक शेडनेट होतं आणि आई शालू त्यात मुकादमासारखी राबायची. मीना सातवीपासून सुट्टीत क्रॉसिंग करायची. त्यामुळे बारावीच्या प्रॅक्टिकलला मी फुलाचा छेद कसा घ्यायचा ते सांगायला लागलो, तेव्हा माझं वाक्य संपायच्या आत तिनं जास्वंदाच्या अंडाशयाचा छेद घेऊन काचपट्टीवर ठेवलाही होता. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. माझ्या एम.एस्सी.च्या जर्नलमध्ये इतका पातळ छेद कधी आला नव्हता.

सत्यशीलाबाई टेबलं पुसत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, या पोरीचा हात बघा."

मीनाला एकोणऐंशी टक्के पडले. तिला वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. करायचं होतं आणि पुढं कंपनीच्या लॅबमध्ये जिथं नवे वाण काढतात तिथं जायचं होतं. त्या लॅबमधून एक मॅडम त्यांच्या शेडनेटवर तपासणीला यायच्या. शिकून तसल्या कामाला लागलेली तेवढीच बाई मीनानं पाहिलेली.

मच्छिंद्रभाऊ राजी नव्हते. बाई मला घेऊन त्यांच्या शेडनेटवर गेल्या. 'सर बरोबर असले म्हंजी वजन पडतं', असं त्यांचं म्हणणं. आत उकडत होतं. भाऊ ठिबकच्या नळ्या तपासत होते.

"जालन्याला घाला की," ते म्हणाले. "येऊन-जाऊन करील. संभाजीनगर कशाला?"

"तिथं तिला पाहिजे तो विषय हाय, भाऊ. अन् होस्टेलबी मिळून राह्यलं. पोरींचं हाय, आत बाप्या माणसाला जाऊ देत न्हाईत."

"तुम्ही बघितलं का?"

"फाटकापसून बघितलं. दोन पोरी सोडून आल्ते मी मागं."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हुशार आहे, पाठवा. त्यापेक्षा जास्त काही मी बोललो नाही. भाऊ पुन्हा बाईंकडे वळले.

"आमच्या घरात कुणी गेलं न्हाई. मला काय समजत न्हाई त्यातलं. तुम्हाला समजतं म्हणून मी हो म्हणून राह्यलो. बराबर?"

"बराबर," बाई म्हणाल्या.

शालूनं शेडनेटच्या दाराशी सगळ्यांना चहा दिला. बाईंना त्या घरचा चहा पहिल्यांदाच मिळत होता. त्या बशीत ओतून सावकाश प्यायल्या.

जुलैअखेर प्रवेश झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मीना, शालू आणि बाई टेंभुर्णीहून जालना, तिथून बस बदलून संभाजीनगरला गेल्या. एक पत्र्याची पेटी, एक गादीची वळकटी, लाडवांचा डबा. त्या दिवसाचं सगळं बाईंनी मला नंतर अनेकदा सांगितलं, म्हणून मला ते स्वतः पाहिल्यासारखं आठवतं. होस्टेलच्या रेक्टरबाई चांगल्या बोलल्या. सामान आत गेलं. मग तिघी शेजारच्या कॉलेजच्या फाटकाशी आल्या. आतमध्ये मोठाल्या तीन इमारती, पोरापोरींचे घोळके, गाड्या. शालू पदर तोंडाला लावून नुसती बघत राहिली.

मीनानं विचारलं, "मावशी, वर्गात गेल्यावर कुठं बसायचं? रोल नंबरानं बसवत्यात का?"

"विचार कुणाला तरी."

"अन् तास संपल्यावर सर दुसऱ्या वर्गात पाठवत्यात का आपल्यालाच कळतं?"

बाईंना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं पोरं सोडायला येऊन त्या फाटकाच्या आत गेल्या होत्या त्या फक्त प्रवेशाच्या खिडकीपर्यंत. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं बघून कर. सगळ्या जातील तिकडं जायचं." मीनानं मान हलवली. नवा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, खांद्याला शाळेचीच बॅग. ती आत गेली आणि डाव्या इमारतीकडे वळली. थोड्या वेळानं परत बाहेर येऊन उजव्या इमारतीत शिरली. तेवढंच त्यांना दिसलं.

पहिला महिना मीनाचा बाईंना दर रविवारी फोन यायचा. तिच्याकडे साधा बटणांचा फोन. मोठा फोन पोरीच्या हातात द्यायचा नाही, असं मच्छिंद्रभाऊंचं मत होतं आणि ते कुणी खोडून काढलं नव्हतं. सोमवारी सकाळी बाई माझ्या टेबलाशी यायच्या.

"सर, बॅच म्हंजी काय असतं? मीना म्हणती प्रॅक्टिकलला तिचं नाव कोणत्याच बॅचमधी न्हाई."

मी म्हणायचो, असेल, यादी लागली असेल बोर्डवर.

"बोर्डावर न्हाई म्हणती. फोनवर ग्रुप हाय म्हणे वर्गाचा. त्यात सगळं येतं. हिच्याकडं तसला फोन न्हाई."

"मग मैत्रिणीला विचारायचं."

"सर, इंटरनल म्हंजी काय?" पुढच्या सोमवारी. "सर, क्रेडिट म्हंजी?" त्याच्या पुढच्या. मी वर्गावर जायच्या घाईत दोन वाक्यं सांगायचो. बाई ती तळहातावर पेनानं लिहून घ्यायच्या आणि दुपारी अंगणात जाऊन मीनाला फोन करून सांगायच्या. माझं अर्धवट उत्तर, त्यांनी लिहिलेलं त्याच्याही अर्धं, आणि पलीकडे मीनाला कळायचं ते त्याच्याही अर्धं.

एकदा त्यांनी फोन माझ्याच हातात दिला. मीना म्हणाली, "सर, सगळं इंग्लिशमधी शिकवून राह्यले. मला फुलाचे भाग समजतात, पण ते काय म्हणतेत ते समजत न्हाई." मी म्हणालो, घाबरू नको, लायब्ररीत बसत जा, रोज इंग्रजी वाच, हळूहळू जमेल. ती 'हो सर' म्हणाली. चार मिनिटांचा तो फोन. लायब्ररीत जायला कार्ड लागतं आणि ते कुठल्या खिडकीवर मिळतं, हे मी तिला सांगितलं नाही. माझ्या मनातच आलं नाही ते. माझे वडील अंबडला मुख्याध्यापक होते, दोन काका प्राध्यापक. कॉलेजात कसं वागायचं हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. जेवताना ज्या गप्पा व्हायच्या त्यातच ते सगळं होतं.

गणपतीच्या सुमारास बाई म्हणाल्या, "सर, येत्या मे महिन्यात एक दिवस आपल्या बारावीच्या पोरांना बसवून सांगा की. आत गेल्यावर काय काय असतं ते. मी फाटकापसून पुढचं काय सांगणार?"

मी म्हणालो, बघू. त्या वर्षी माझ्याकडे निवडणुकीच्या याद्यांचं काम होतं, स्वतःची बदलीची खटपट होती. बघू म्हणालो ते तसंच राहिलं.

मग मीनाचे फोन कमी झाले. आले तरी 'बरं चाललंय' एवढंच. मला वाटलं, रुळली. बाईंना तसं वाटलं नाही. "आधी रोज काहीतरी विचारायची," त्या म्हणाल्या. "आता काहीच विचारत न्हाई." दिवाळीत मीना घरी आली होती. बाई तिला भेटायला गेल्या. ती शेडनेटमध्ये आईशेजारी बसून क्रॉसिंग करत होती, बोटं भराभर चालत होती. कॉलेज कसं चाललंय, असं विचारल्यावर तिनं मान खालीच ठेवून सांगितलं, "चांगलं हाय, मावशी." भाऊबीज झाली आणि ती परत गेली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी एक दिवसाची बिनपगारी रजा टाकली आणि कुणाला न सांगता संभाजीनगरला गेल्या. साडेअकराच्या सुमारास बसमधून उतरल्या. बसस्थानकावर बायकांच्या बाकड्यांवर एका टोकाला मीना बसलेली होती. मांडीवर बॅग, बॅगेवर हात. समोर जालन्याच्या गाड्या लागतात ती जागा.

"आगं, तू इथं? घरी चालली का?"

मीना उठली नाही. तिनं बाईंकडे असं पाहिलं की जणू त्या येणार हे तिला माहीतच होतं. "न्हाई," ती म्हणाली.

"मंग कॉलेज?"

"इथंच बसते, मावशी. चार वाजता जाते होस्टेलवर."

"कधीपसून?"

बाई तिच्याजवळ बसल्या. त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, तिला दिली. ती खाता खाता हळूहळू बोलायला लागली. पहिले दोन आठवडे ती चुकीच्याच वर्गात बसत होती, वाणिज्यच्या. हसतील म्हणून उठली नाही. मग बरोबर वर्ग सापडला, पण प्रॅक्टिकलची बॅच सापडेपर्यंत सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरच्या आधी इंटरनल झाली. रसायनशास्त्रात वीसपैकी तीन मार्क पडले. यादी वर्गाबाहेर लावली होती, नावासकट.

"मी नापास झाले, मावशी. मला कधी बारावीपर्यंत एकदाबी लाल रेघ पडली न्हाई. नापास झाल्यावर वर्गात कसं बसायचं? ते उठवत्यात का काय करत्यात, मला ठाव न्हाई. म्हणून गेले न्हाई. एक दिस गेले न्हाई, मंग दुसऱ्या दिवशी जायला अजून भ्या वाटलं."

"घरी काहून न्हाई सांगितलं? मला काहून न्हाई?"

"तुम्हाला काय सांगू? तुम्ही सरांना विचारायच्या."

बाई मला हे सांगताना इथं थांबल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकारच म्हणायचे.

त्यांनी मीनाचा हात धरला आणि तिला कॉलेजात नेलं. या वेळी त्या फाटकातून आत गेल्या. विचारत विचारत वनस्पतीशास्त्राच्या विभागात पोहोचल्या. तिथं एक तरुण प्राध्यापक होते. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर मीनाचा नंबर पाहिला. माणूस वाईट नव्हता. बाईंनी हे मला दोनदा सांगितलं.

"हजेरी एकतीस टक्के आहे," ते म्हणाले. "पंचाहत्तर लागते. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. मला बसवता येणार नाही हिला. माझ्या हातात नाही ते."

"पर सर, ती आता रोज येईल."

"मावशी, आता उशीर झाला. ऑक्टोबरमध्ये आली असती तर काहीतरी करता आलं असतं. इंटरनल पुन्हा घेतो आम्ही. पन्नास पोरांनी पुन्हा दिली." मग ते मीनाकडे वळले. "तू का नाही आलीस? अडचणी असल्या तर त्यासाठी कक्ष आहे. खाली बोर्डवर सगळं लिहिलंय."

येताना बाईंनी तो बोर्ड पाहिला होता. तो इंग्रजीत होता.

"पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेता येईल," प्राध्यापक म्हणाले. "पहिल्यापासून."

एवढ्या वर्षांत कुठला दाखला, कुठली तारीख, कुठली खिडकी हे बाईंना पाठ झालं होतं, आणि आता त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. त्या उठल्या, हात जोडले, आणि दारातून म्हणाल्या, "सर, ही फूल लई चांगलं कापती. एकदा बघा तरी."

प्राध्यापक म्हणाले, "हो, बघेन की."

संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत आल्या. पेटी आणि वळकटी होस्टेलमध्येच राहिली. मीना वाटेत झोपली, बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून. टेंभुर्णीला उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही घरी जा, मावशी. मी सांगते." पण बाई गेल्याच तिच्याबरोबर.

मच्छिंद्रभाऊ ओसरीवर होते. बाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. शालू आत जाऊन रडायला लागली. भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बाई म्हणतात. ते ओरडले नाहीत. त्यांनी मीनाला आत जायला सांगितलं आणि मग विचारलं, "बाई, तुम्ही तर म्हणल्त्या समजतं म्हणून."

"मला फाटकापर्यंतचंच समजतं, भाऊ. पुढचं मलाबी न्हाई समजत."

"मंग तेव्हा काहून न्हाई सांगितलं?"

बाई जायला वळल्या. भाऊ म्हणाले, "जाऊ द्या. जेवून जा." बाई जेवल्या नाहीत. आल्या तशाच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या, ब्यूरेट भरली, स्टँड मांडले. दुपारी त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, पुढच्या जूनमध्ये आपण मीनाला पुन्हा पाठवू, या वेळी मी बरोबर येतो. मनापासून म्हणालो. त्यांनी मान डोलावली.

एप्रिलमध्ये मला जालन्याच्या एका शाळेत जागा मिळाली आणि मी टेंभुर्णी सोडली. जूनमध्ये मी भाऊंना फोन केला. ते नीट बोलले. म्हणाले, "सर, ती न्हाई म्हणती. मी म्हणलं जा, खर्चाचं बघतो, पर ती बिलकुल न्हाई म्हणती. पोरीच्या मनाविरुद्ध कसं धाडू?" फोन मीनाला द्या म्हणालो. पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग भाऊच परत आले. "ती कामात हाय, सर."

त्या वर्षी निकाल लागल्यावर बाईंनी प्रयोगशाळेचं मागचं दार लावून घेतलं होतं. हे मला राधेश्यामनं सांगितलं. तीन दिवस पोरं येऊन परत गेली. "मी न्हाई बाबा आता," त्या म्हणायच्या. "सरांना विचारा, मॅडमला विचारा." पोरं सरांकडे गेली नाहीत. चौथ्या दिवशी त्यांच्याच वस्तीतली एक मुलगी आईला घेऊन आली आणि दाराबाहेर बसून राहिली. दुपारपर्यंत. बाईंना पाणी भरायला बाहेर यावंच लागलं.

"अर्ज भरून देते," त्या म्हणाल्या. "पर मला पुढचं काहीच कळत न्हाई. आधीच सांगून ठेवते."

मुलीची आई म्हणाली, "आम्हाला तर अर्जाचंबी न्हाई कळत."

त्या मुलीचा प्रवेश जालन्याला झाला. बाईंनी आधी मीनाला विचारलं होतं, या पोरीजवळ घडीभर बसून तुझ्यावर काय बेतलं ते सांग, म्हणजे हिला उपयोग होईल. मीना तेव्हा चार शेडनेटांचं क्रॉसिंग बघायला लागली होती, तीस बायका तिच्या हाताखाली. ती म्हणाली, "मला कशाला लावता, मावशी? मी काय सांगणार? मी तर बसस्थानकच बघितलं." आवाज चढवला नाही, पण पुन्हा तिला विचारायची बाईंची हिंमत झाली नाही.

मग त्यांनी आपल्या परीनं केलं. मुलीच्या आईला आधी मोठा फोन घ्यायला लावला. कॉलेज सुरू झालं तेव्हा मुलीबरोबर चार दिवस रोज जालन्याला गेल्या, बिनपगारी रजा टाकून. वर्गाच्या बाहेर कट्ट्यावर बसून राहायच्या. शिपायानं दोनदा उठवलं, दोनदा दुसऱ्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. तास सुटला की मुलीला विचारायच्या, ग्रुपात नाव घातलं का, बॅच कोणती, सरांचं नाव काय. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याही घरी आल्या, शाळा सुटल्यावर. मी त्यांना लायब्ररीचं कार्ड, इंटरनल, हजेरी, पुन्हा परीक्षा, जे जे सुचलं ते तासभर सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, "अजून काही असंल ना सर, जे तुम्हालाबी सांगायचं लक्षात येत न्हाई?"

असणारच, मी म्हणालो.

जानेवारीत त्यांचा फोन आला. त्या मुलीचा पहिल्या सत्राचा निकाल लागला होता. भौतिकशास्त्र राहिलं होतं, बाकीचे विषय सुटले होते.

"सर, एक विषय राह्यला तिचा. तुम्ही म्हणल्ते राह्यला तरी पुढं जाता येतं. खरंच येतं ना?"

"येतं. पुढच्या वेळी देईल ती. काही होत नाही."

"तिला सांगितलं मी. रडत होती, मंग थांबली." मग त्या म्हणाल्या, "मीनाची तर नुसती इंटरनल होती. वीसपैकी तीन."

पलीकडे नळ चालू होता, काचेची भांडी एकमेकांना लागत होती. मग त्यांनी सांगितलं की त्या दिवशी सकाळी बाजारात मीना दिसली होती, कंपनीच्या गाडीत पुढं बसलेली. बाईंनी हात केला. मीनानं हात वर केला, पण गाडी थांबली नाही.

"घाईत असंल," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.